अण्णांसाठी पुस्तक

"हे बी नको," अण्णा म्हणाले आणि तिसरं पुस्तकही त्यांनी माझ्याकडे सरकवलं.

जेवणाच्या टेबलावर तीन प्रकार पडले होते. स्टँडवरच्या स्टॉलमधून आणलेलं पिवळं गाईड, ड्रायव्हिंग स्कूलवाल्या मुलाणीचाचांनी दिलेला प्रश्नोत्तरांचा झेरॉक्स गठ्ठा, आणि कॉलेजातल्या एका सरांकडून मागून आणलेलं जाडजूड पुस्तक, ज्यात वाहतुकीचे नियम कलमांसकट दिले होते. गाईडचा कागद हलका म्हणून नको. झेरॉक्सला वास येतो म्हणून नको. जाड पुस्तक तर त्यांनी हातावर तोलून पाहिलं, दोन पानं उलटली आणि म्हणाले, "हे वकिलाला दे. मला गाडी चालवायची हाय, केस न्हाई."

त्यांच्या मांडीवर बसलेली जुई खिदळली. माझी मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती आणि आजोबांच्या प्रत्येक वाक्याला हसायची, समजो न समजो.

मला हसू आलं नाही. मंगळवारी परीक्षा होती आणि गुरुवारची संध्याकाळ पुस्तक निवडण्यातच चालली होती.

अण्णा म्हणजे माझे सासरे. एसटीत ड्रायव्हर होते. सगळ्या नोकरीत एक अपघात नाही. घाट उतरून कोकणात गाड्या नेलेला माणूस, आणि त्याला आता शिकाऊ लायसन्सची परीक्षा द्यायची होती. झालं असं, की निवृत्तीनंतर लायसन्सची मुदत कधी संपली ते त्यांनी पाहिलंच नाही. गाडीचा विमा भरताना माझ्या नवऱ्याच्या, संग्रामच्या, ते लक्षात आलं, तोवर वर्ष उलटून गेलं होतं. म्हणजे पुन्हा पहिलीपासून सुरुवात. गल्लीतले लोक त्यांना विचारायचे, "काय अण्णा, दप्तर भरलं का?" अण्णा म्हणायचे, "भरलंय. डबा तेवढा तुझ्या घरनं येऊ दे." डोळे, कान, रक्तदाब तपासल्याचा दाखला लागत होता. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी अण्णांना खुर्चीवरसुद्धा बसवलं नाही. तुम्हाला काय तपासायचं, म्हणाले, आणि सही करून टाकली.

संग्राम चाकणला कंपनीत, पंधरा दिवसांनी यायचा. मी तासगावातच ज्युनिअर कॉलेजला शिकवायचे आणि सकाळी सातलाच घराबाहेर पडायचे. जुईची शाळा बायपासच्या पलीकडे. आधी ती व्हॅननं जायची. एकदा मी त्या व्हॅनमध्ये कोंबलेली मुलं पाहिली आणि दुसऱ्या दिवसापासून व्हॅन बंद केली. माझ्या अशा गोष्टींची घरात थट्टा होते. गॅसची कळ मी दोनदा उठून बघते, जिन्यात मूल पुढे असेल तर माझा हात आपोआप त्याच्या कॉलरकडे जातो. पण अण्णांच्या पांढऱ्या मारुतीत जुई बसली की मी निर्धास्त असायचे. माझी पोर डोळे झाकून ज्याच्या हाती द्यावी असा त्या गावात मला एकच माणूस ठाऊक होता.

तेव्हा त्या गुरुवारी मला भीती होती ती पोलिसांची. लायसन्स नसताना अण्णा रोज तिला नेत होते, आणि कुणी अडवलं तर त्यांचा अपमान होईल, जुई रडेल, एवढंच माझ्या मनात होतं.

शेवटी अण्णांनीच तोडगा काढला. पुस्तक कुठलंही असो, तू वाच, मी ऐकतो. म्हणून मी गठ्ठा उघडून वाचायला लागले आणि ते डोळे मिटून उत्तरं द्यायला लागले. अरुंद पुलावर समोरून वाहन आलं तर काय कराल, असा एक प्रश्न होता.

"मोठ्यानं आधी जायचं," अण्णा म्हणाले.

"पर्यायांत तसं नाहीये अण्णा."

"पर्यायांत नसंल. रस्त्यावर हाय."

मग त्यांनी स्वतःच पर्यायांतलं बरोबर उत्तर सांगितलं. एकही चुकलं नाही. गाईडच्या मधल्या घडीत चिन्हांचा रंगीत तक्ता होता. मी चिन्हावर बोट ठेवायचे, मांडीवरची जुई वाकून बघायची, अण्णांच्या कानाशी काहीतरी कुजबुजायची, आणि अण्णा मोठ्यानं सांगायचे: शाळा आहे, वळण आहे, हॉर्न मनाई आहे. दोघं मिळून मला हरवत होते. संग्रामचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, काळजी करू नकोस, तुझे वडील पहिल्या नंबरनं पास होतील.

शुक्रवारी जुई शेजारी वाढदिवसाला गेली होती. चिन्हांची एक उजळणी करून टाकू म्हणून मी तक्ता घेऊन व्हरांड्यात गेले. उजेड चांगला होता. मी पहिल्याच चिन्हावर बोट ठेवलं.

"धोका," अण्णा म्हणाले.

"कसला?"

"म्हंजे... पुढं धोका हाय. बेतानं जायचं."

मी दुसरं दाखवलं. तेही धोका. तिसरं गोल होतं, तेव्हा म्हणाले, "मनाई." कसली मनाई, ते सांगेनात. त्रिकोण आला की धोका, गोल आला की मनाई. आतलं चित्र जणू छापलेलंच नव्हतं. काल याच तक्त्यावरची याच चिन्हांची नावं त्यांनी धडाधड सांगितली होती. मी विचारलं, अण्णा, दमलात का? तेव्हा ते एकदम चिडले. म्हणाले, भिकार छपाई आहे, असल्या कागदावर देवाचं तोंडसुद्धा ओळखू येणार नाही.

मी मोबाईलवर ॲप उघडलं, एक चिन्ह बोटांनी ताणून पडदाभर मोठं केलं आणि त्यांच्यासमोर धरलं. अण्णांनी मान वळवली. चिन्हाकडे न बघता, कुंपणाकडे बघत असल्यासारखी. कोंबडी दाणा बघते तशी, एका कडेनं. तशीच मान ते गेले कितीतरी महिने माझ्याशी बोलतानाही वळवायचे. मी समजत होते, त्यांना एका कानानं कमी ऐकू येतं, म्हणून कान पुढे करतात. मी त्यांच्याशी मोठ्यानं बोलायलाही लागले होते.

"शाळा," ते म्हणाले.

पडद्यावर रेल्वे फाटक होतं.

मी मोबाईल खाली ठेवला. बरोबर आहे, म्हटलं. का म्हटलं ते माहीत नाही. अण्णांनी समाधानानं तंबाखूची डबी काढली आणि त्यांची बोटं न चाचपडता चुन्यावर गेली.

स्वयंपाकघरात जाऊन मी संग्रामला फोन केला. तो म्हणाला, चष्म्याचा नंबर बदलला असेल, वय झालंय. परीक्षा होऊ दे, पुढच्या खेपेला आलो की दाखवून आणू. आणि त्यांना काही बोलू नकोस, परीक्षेच्या तोंडावर खचतील. मी म्हटलं, उद्या सकाळी ते जुईला घेऊन जाणार आहेत. तर म्हणाला, "कल्याणी, ते माझ्या जन्माआधीपासून स्टिअरिंगवर आहेत. तू आता त्यांच्याबद्दलपण सुरू करू नकोस."

मी सुरू केलं नाही. सकाळी कॉलेजला कळवलं, बरं नाही म्हणून, आणि अण्णांना सांगितलं, आज मलापण शाळेत काम आहे, मी येते गाडीतून. अण्णा म्हणाले, चल की.

जुईनं मागच्या सीटवर बेल्ट लावून बसायचं, असा माझा नियम होता. त्या दिवशी ती सरळ पुढचं दार उघडून पुढे बसली. रोज इथेच बसते म्हणाली. मी मागे बसले, तिची पाण्याची स्टीलची बाटली हातात घेऊन.

अण्णांनी गाडी सुरू केली, पण हलवली नाही. जुईनं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि म्हणाली, "टिंग टिंग."

गाडी निघाली.

"आम्ही एसटी खेळतो," तिनं मागे वळून मला सांगितलं. "मी कंडक्टर. दोन टिंग म्हणजे चला. एक म्हणजे थांबा. अण्णा एकदम शहाणे ड्रायव्हर आहेत, बेलशिवाय काहीच करत नाहीत."

"बसची शिस्त हाय बाबा," अण्णा म्हणाले. "कंडक्टरची बेल म्हंजे बेल."

गल्ली संपेपर्यंत मी हसण्याचा प्रयत्न करत होते. चौकात जुईनं "टिंग" केलं आणि गाडी थांबली. सिग्नल लाल होता. हिरवा झाला, पण अण्णा हलले नाहीत. मागचे हॉर्न वाजवायला लागले तरी नाहीत. "टिंग टिंग" झालं तेव्हा निघाले. "म्हैस डावीकडे," जुई म्हणाली, आणि गाडी अलगद उजवीकडे झाली. "सायकलवाले आजोबा. गेले. आगीचा बंब चाललाय पुढे, हळू." एखादी पोर गाणं म्हणत जावी तसं ती सांगत होती, आणि अण्णांचे हात तिच्या शब्दाबरोबर हलत होते, इतक्या सफाईनं, की बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, काय गाडी चालवतो हा माणूस.

मला ओरडून सांगायचं होतं, थांबा. पण आम्ही वाहत्या रस्त्यात होतो, आणि मी काही बोलले तर जुईचं लक्ष जाईल, ही भीती त्याहून मोठी होती. बायपास लागला. ऊन स्वच्छ पडलं होतं. हंगाम सुरू होता, रस्ताभर उसाची चिपाडं सांडली होती. आता शाळा दिसायलाच लागेल, मी मनात म्हणत होते, एवढं पोचू दे, फक्त एवढं.

आणि जुईला आठवलं की आज मागे आई आहे.

ती बेल्टमधून अंग पिळून माझ्याकडे वळली. "आई, माझा दात बघ ना, हलतोय." तिनं बोटानं ओठ वर केला.

तिच्या डोक्यामागे, काचेत, उसाची ट्रॉली उभी होती. अर्धी रस्त्यावर, अर्धी खाली. चाक बदलायला उतरलेला माणूस वाकलेला दिसत होता. उसाचे शेंडे ट्रॉलीबाहेर चांगले हातभर आले होते. अण्णांचं तोंड सरळ समोर होतं आणि गाडीचा वेग तसूभरही कमी झाला नव्हता.

मी ओरडले नाही. आवाजच नव्हता. हात मात्र उचलला गेला आणि हातातली बाटली मी दाराच्या पट्टीवर हाणली.

टण्. एकदा.

अण्णांच्या पायानं ब्रेक दाबला. त्यांच्या मनाला कळायच्या आत पायाला कळलं असावं. गाडी फरफटली, जुई बेल्टवर आदळली, आणि आम्ही थांबलो. समोरची काच उसाच्या शेंड्यांनी भरून गेली होती. एक शेंडा बॉनेटवर टेकला होता. दुसरं काही झालं नव्हतं.

अण्णा त्या काचेकडे तोंड करून बसले होते.

"काय हाय गं पुढं?" त्यांनी विचारलं.

"ट्रॉली," जुई म्हणाली. "मी आईशी बोलत होते ना, म्हणून. पण आईलापण बेल येते की."

मी खाली उतरले. जुईला कडेवर घेतलं. एरवी ती कडेवर घेऊ देत नाही, पण तेव्हा काही बोलली नाही. चाक बदलणारा माणूस काहीतरी म्हणाला, ते मला ऐकू आलं नाही. शाळा तिथून दिसत होती. मी तिला चालत नेऊन वर्गात सोडलं आणि परत आले, तेव्हा अण्णा अजून स्टिअरिंगवरच बसून होते. एवढंच, की इंजिन बंद करून त्यांनी किल्ली शेजारच्या सीटवर ठेवली होती. मी मागेच बसले. पुढे बसवेना.

"कवापासनं ठाऊक हाय तुला?" त्यांनी विचारलं.

"कालपासून. पण इतकं नव्हतं ठाऊक."

मग त्यांनी सांगितलं. मधोमध काळं दिसतं. ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जातं, कडेचं सगळं दिसतं. वर्ष होत आलं. कुणाला न सांगता एकटे मिरजेला जाऊन दाखवून आले होते. डॉक्टर म्हणाले, आतला पडदा खराब झालाय, चष्म्यानं होणार नाही. त्या दिवशी एसटीनं परत येताना ते ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसले होते, आणि ड्रायव्हर तरणा होता, गिअर वाईट टाकत होता. हे त्यांनी आवर्जून सांगितलं.

"कडंचं मी बघतो," ते म्हणाले. "मधलं तेवढं ती सांगती."

"पाच वर्षांची आहे ती, अण्णा."

"कवा चुकली न्हाई."

मग ते म्हणाले, संग्रामला सांगू नको. आणि त्यानंतर, अगदी सावकाश, आजवर माझ्याशी कधी बोलले नव्हते अशा आवाजात: "तू वाचून दाखव. ऐकून माझं पाठ हुतंय, मग परीक्षेत एखादा शबूद कडंनं दिसला तरी भागंल. चितरं बी वळीनं पाठ करीन. तू वाचलंस तर मी पास हुईन, पोरी."

ते पास झाले असते. मला यात कणभर शंका नव्हती, आणि मला भीती त्याचीच होती. तो कागद एकदा हातात आला, की त्यांना कोण थांबवणार? संग्राम? गल्ली? पोलीसही सलाम करून सोडणार.

लग्नाला सात वर्षं झाली होती आणि मी अण्णांना कधी नाही म्हटलं नव्हतं. तेव्हाही तोंडानं म्हणता आलं नाही. मुलाणीचाचांना फोन करून सांगितलं, गाडी तापलीय, न्यायला माणूस पाठवा. आम्ही रिक्षानं घरी आलो. टेबलावर तिन्ही पुस्तकं तशीच पडली होती. मी तिन्ही उघडून पाहिली, नीट, एकेक, परीक्षेचा अभ्यास घेणाऱ्या बाईसारखी. झेरॉक्सचं अक्षर मोठं होतं. जाड पुस्तकाचं बरं होतं. पिवळ्या गाईडचं मुंगीसारखं बारीक.

मी गाईड नेऊन अण्णांच्या हातात दिलं.

"परीक्षेत यातलंच येतं," मी म्हटलं. "हे तुम्ही स्वतः वाचा. मी वाचून दाखवणार नाही. तुमचं वाचून झालं, की मंगळवारी मी स्वतः तुमच्याबरोबर येते."

त्यांनी अंगठ्यानं पान चाचपलं. मान वळवून कडेनं माझ्याकडे पाहिलं.

"हेच निवडलंस."

"हो."

मी तिथून गेले, नाहीतर माझा निश्चय मोडला असता.

रविवारभर अण्णा व्हरांड्यात गाईड उघडून बसले. येणारेजाणारे विचारत होते, काय अण्णा, जोरात? तेही उत्तर देत होते, जोरात. पान किती वेळानं उलटायचं हे त्यांना बरोबर ठाऊक होतं. दुपारी संग्रामचा फोन आला, अण्णा त्याच्याशी हसून बोलले, तयारी झाली म्हणाले. हा माणूस काय ठरवून बसलाय ते मला कळत नव्हतं. सोमवारी खोकल्याचं निमित्त करून मी जुईला घरी ठेवलं, स्वतःही राहिले, आणि मुलाणीचाचांच्या माणसानं दारात आणून लावलेल्या गाडीची किल्ली डाळीच्या डब्यात लपवली. ती तिथे आहे ना, हे दिवसभर बघत होते.

संध्याकाळी मुलाणीचाचा आले. ते अण्णांचे जुने कंडक्टर. दोघांनी एका गाडीवर उमेदीची वर्षं काढली होती. आता ते एका मोटार ट्रेनिंग स्कूलचं काम बघायचे, आणि ऑनलाइन परीक्षा त्यांच्याच लॅपटॉपवर द्यायची होती. मी आत चहा ठेवला. खिडकीतून सगळं ऐकू येत होतं.

"वाचत काय बसलाय, अण्णा," चाचा म्हणाले. "उद्या कॅमेऱ्याकडं तोंड करून नुसतं बसायचं. बटणं मी दाबतो शेजारनं. आपण दोघांनी कवा तिसऱ्याला विचारलंय?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बारीक अक्षराचं पुस्तक मी इतक्या विचारानं निवडलं, आणि परीक्षेला अक्षर वाचावंच लागणार नव्हतं. मी मोबाईल उचलला, संग्रामचा नंबर काढला. अण्णा हो म्हणाले, तर त्याच क्षणी सगळं सांगायचं, मग घरात काय व्हायचं ते होवो.

बाहेर अण्णांनी गाईड मिटून बाजूला ठेवलं.

"गुलाब," अण्णा चाचांना म्हणाले, "आपल्या गाडीत किती माणसं असायची?"

"भरली तर पन्नास-साठ."

"तू बेल दिलीस की मी मागं बघत न्हवतो."

"कशाला बघाल?"

"कवा भ्यालो बी न्हाई. शनवारी गाडीत एक पोरगी हुती अन् तिची आई. पुढं काय हाय ते मला त्या दोघींनी सांगितलं. तवापासनं पाय ब्रेकवरनं उचलंना झालाय, गुलाब. हितं बसलोय तरी दाबूनच बसलोय बघ."

खिडकीतून मला त्यांचा पाय दिसला. उजवा. व्हरांड्याच्या फरशीवर टाच रोवून, पंजा खाली रेटून धरलेला.

मुलाणीचाचांनीही त्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाले, "मग आता पोरीला शाळंत कोण सोडणार?"

"तिची आई. तुझ्या ट्रेनिंग स्कुलात तिचं नाव घाल."

"सूनबाईला येती चालवायला?"

"कुठली येतीय," अण्णा म्हणाले. "पण लई भेती ती. चांगली चालवंल."

आत चहा उतू गेला होता. गॅस बंद करायचं मला सुचलं नाही. मला सायकलसुद्धा येत नव्हती.